आक्काच्या रानातल्या आमऱ्या

भाद्रपद लागला की निपाणीच्या आसपासच्या रानांत तंबाखूची लावण सुरू होते. काळ्या मातीचे सरळ तास, त्यात बोटभर उंचीची रोपं आणि बादल्या घेऊन ओळीनं पुढं सरकणाऱ्या बायका. शाळेत शिकवायला जाताना रस्त्याकडेला हे दिसायला लागलं की मी नुसती देहानं निपाणीत असते. मन तवंदीचा घाट चढून, बेळगाव मागं टाकून, खानापूरच्या पुढं जंगलाच्या कडेला माझ्या थोरल्या बहिणीच्या पाणथळ तुकड्यावर जाऊन बसलेलं असतं. आणि मग एखाद्या संध्याकाळी मी भाजी निवडत असताना आईचा फोन येतो.

"आल्यात गं. कधी येतीस?"

एवढंच. कोण आल्यात हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही. शेजारच्या बाईंना वाटतं, माझ्या माहेरी पाहुण्या आल्यात. एका परीनं ते खरंच आहे.

या पाहुण्या म्हणजे आमऱ्या. आमरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं झाडाच्या फांदीला चिकटून लोंबणारे फुलांचे घोस येतात, नाहीतर लग्नाच्या स्टेजवरची ती महागडी ऑर्किडं. पण आमरीची एक जात जमिनीतली असते, ओल्या मातीत कंद ठेवून जगणारी. उन्हाळाभर ती कुणाला दिसत नाही. पाऊस मुरला की कोंब वर येतो, श्रावणात त्याचा दांडा होतो आणि भाद्रपदात त्या दांड्यावर पांढरी, तळहाताएवढी फुलं येतात. पाकळ्यांच्या कडा बारीक कातरलेल्या, एखाद्या हौशी बाईनं झबल्याला झालर लावावी तशा. फुलाच्या मागं लांब हिरवट शेपूट. दिवसा वास बेताचा, पण ऊन कलायला लागलं की तो सुटतो आणि बांधाबांधानं चालत येतो. तो चाफ्याचा नाही, मोगऱ्याचा नाही. आक्का म्हणते, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूला येतो तसा. तिनं उभी नोकरी बाळं हाताळण्यात घालवली, म्हणून तिला तसं वाटत असेल. मला मात्र त्या वासाबरोबर नेहमी ते एक वर्ष आठवतं, ज्या वर्षी आमच्या आईनं डुकरांना शिव्या घातल्या.

ते सांगायचं तर आधी आक्काचं सांगायला पाहिजे.

आक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आम्ही बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या. गावाच्या कडेला आमची वस्ती, तिथं विहार, विहारामागं आमचं दोन खोल्यांचं घर. वडील गवंड्याच्या हाताखाली बेळगावला जायचे आणि आई दुसऱ्यांच्या रानात. पावसाळ्यात रोपलावण, मग भांगलण, मग कापणी, मळणी. बेळगुंदीपासून उचगावपर्यंतच्या शिवारात असा बांध नसेल, ज्यावर बसून आईनं भाकरी खाल्ली नाही. घरात स्वतःची म्हणावी अशी जमीन कधीच नव्हती. आक्का शिकली, नर्स झाली आणि खानापूरच्या बाजूला खेड्यापाड्यांतून तिची नोकरी सुरू झाली. तिच्या पगारावर मी शिकले. वडील गेल्यावर तिनं आईला खानापूरला आपल्याकडं नेलं.

नोकरीत आक्काला लसीचा डबा खांद्याला लावून जंगलाकडच्या वाड्यांवर चालत जावं लागायचं. त्या वाटेवर एक उताराचा तुकडा होता. वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ, त्याच्या पायथ्याला बारका झरा, आणि झऱ्याचं पाणी त्या तुकड्यात सगळीकडं झिरपायचं. दर भाद्रपदात तिथल्या गवतात ही पांढरी फुलं उभी असायची. आक्का तिथं डबा खाली ठेवायची, भाकरी सोडायची आणि फुलांकडं बघत जेवायची. वर्षानुवर्षं. याबद्दल तिनं घरात कधी अवाक्षर काढलं नाही. आमच्या घरात फुलांबद्दल बोलायची रीतच नव्हती.

तिची नोकरी संपली त्याच सुमारास तो तुकडा विकायला निघाला. तिथं ट्रॅक्टर रुततो, सुगीनंतरही पाय बुडतो, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. आक्कानं घेतला.

आईला पहिल्यांदा रान दाखवायला नेलं तो दिवस उन्हाळ्यातला होता. मीही होते. बांधाला पोचल्यावर आईनं चपला काढल्या. आक्का म्हणाली, "अगं काटं असतील." आईनं ऐकलं नाही. अनवाणीच ती चारी बाजूंनी फिरून आली. अधेमधे थांबायची, पायाच्या अंगठ्यानं माती दाबून बघायची. चैत्रातही तिथं अंगठ्याभोवती ओल जमायची. परत येऊन ती जांभळीच्या सावलीला बसली. मग म्हणाली, "पाणी लई चांगलं हाय. भात मस्त यील."

आक्का त्या वेळी काहीच बोलली नाही. तिथंच सगळं अडलं.

आईनं मनानं सगळं ठरवून टाकलं होतं. वासाचं भात लावायचं. मिरगाच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याच्या कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातानं रोपांसाठी तरवा टाकला. दुसऱ्याच्या रानात आयुष्यभर रोपं लावलेली बाई आता आपल्या रानात लावणार होती. मला फोनवर म्हणायची, "एकदा आपल्या मातीतला भात शिजवून घालायचा हाय तुमास्नी. मग डोळं मिटलं तरी चालतंय." पोपटी रोपं वितीएवढी झाली आणि चिखलणीला पॉवर टिलर बोलावला. टिलर बांधावर येऊन उभा राहिला. आक्का पुढं चालत गेली आणि गवतात खाली बसली. तिथं जाड, टोकदार, गुंडाळलेल्या पानांचे कोंब वर आलेले होते.

"आज नको," ती टिलरवाल्याला म्हणाली. "परत घेऊन जा."

आई धावत आली. "काय झालं गं सुमन?"

"आई, हितं भात न्हाय लावायचं."

"मग काय लावायचं?"

"ही फुलं हाईत. नांगर फिरवला की कंद तुटतील. एकदा गेली की परत न्हाय यायची. ही फुलं हाईत म्हणून तर मी रान घेतलं."

आईनं त्या कोंबांकडं बघितलं, मग आक्काकडं. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "पोटाला काय खायाचं, फुलं?"

"पोटाला पेन्शन हाय की."

हे आक्का बोलली नसती तर बरं झालं असतं. आई तिथून उठली. दुसऱ्या दिवशी सगळा तरवा तिनं शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकला. आक्काशी ती घरात बोलायची, जेवू घालायची, तिचे पाय चेपायची. पण रानाचं नाव काढायची नाही आणि तिकडं फिरकायचीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ते तिचं हाय. मला काय ठावं न्हाय."

मला दोघींचंही पटत होतं. हा माझा स्वभाव. आईच्या मनातलं भात मला दिसत होतं. पण आक्काचंही मला कळत होतं. जिच्या आईनं दुसऱ्यांसाठी पीक काढण्यात कंबर घालवली, तिला आपल्या मातीत कुणाच्या उपयोगी न पडणारं काहीतरी उगवलेलं बघावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? श्रीमंतांच्या बंगल्यापुढं असतेच की हिरवळ. तिथं कुणी विचारत नाही, पोटाला काय खाणार म्हणून.

पहिलं वर्ष वाईट गेलं. पांढऱ्या आमऱ्या आल्या, पण आक्काला आठवत होत्या तेवढ्या नाहीत. गुरं चरून चरून कमी झाल्या होत्या. तिनं बेळगावच्या रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांच्या जमिनीतल्या आमऱ्या आणल्या. माडाच्या कोवळ्या रोपासारखी घड्याघड्यांची पानं असलेल्या, काटक, बारमाही तग धरणाऱ्या. ओली जागा लागते असं ऐकलं होतं, म्हणून तिनं त्या अगदी झऱ्याच्या तोंडाशी लावल्या. महिन्याभरातच पानं पिवळी पडली आणि रोपं उपटून बघावं तर खाली मुळं काळी, बुळबुळीत. ओल वेगळी आणि तुंबलेलं पाणी वेगळं, हे तिला त्या वर्षी कळलं. बाळाच्या अंगाला ऊब पाहिजे म्हणून कुणी त्याला चुलीजवळ निजवत नाही, असं ती स्वतःवरच चिडून म्हणाली होती.

माझ्याबरोबर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, या आमरीचं बी म्हणजे नुसती धूळ असते. त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतली एक बारीक बुरशी सोबतीला आली तरच ते रुजतं. म्हणून दुसरीकडून माती आणू नका, तिथलीच वापरा, तिथलाच पाला कुजवा, आणि आहेत ते कंद सांभाळा. हे मी फोनवर आक्काला सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजे सोबत पाहिजे. बरं."

पुढच्या उन्हाळ्यात ती एकटी रानात राबली. उताराला आडवे लांब वाफे केले, खाली जांभ्याचे तुकडे, वर तिथलीच तांबडी माती आणि जांभळीखालचा कुजलेला पाला, आणि त्यात जांभळ्या आमऱ्यांची नवी रोपं लावली. दोन वाफ्यांच्या मधून चर काढले, म्हणजे झऱ्याचं पाणी थांबणार नाही, नुसतं मुळांना शिवून खाली जाईल. जिथं पांढऱ्या आमऱ्यांचे कंद होते तिथं कुदळ लावली नाही. भोवतीनं नुसतं काट्यांचं आळं केलं, गुरं शिरू नयेत म्हणून. मी सुट्टीत गेले तेव्हा तिच्या हाताला घट्टे पडलेले होते. इंजेक्शन देताना बाळाला कळूही न देणारे हात ते. आईनं त्या घट्ट्यांना खोबरेल चोळलं, पण रानात काय चाललंय हे विचारलं नाही.

आणि मग ते वर्ष आलं.

पाऊस बेतानं लागला आणि लागून राहिला. खानापूरचा पाऊस निपाणीच्या माणसाला सांगून कळत नाही. कपडे वाळत नाहीत, पापड दोन मिनिटांत मऊ पडतात, भिंतीला हात लावला तर भिंतसुद्धा ओली. आक्का रोज डोक्यावरून प्लास्टिकची खोळ ओढून रानात जायची आणि संध्याकाळी चिखलात माखून परत यायची. जांभळ्या आमऱ्यांनी जीव धरला होता. पांढऱ्यांचे दांडे गुडघ्यापर्यंत आले होते, आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. गोगलगायी मात्र कोवळे शेंडे खात होत्या. आक्का त्या वेचून टोपलीत भरायची आणि पलीकडच्या ओढ्याला सोडून यायची. फोनवर ती मला दांड्यांची खुशाली अशी सांगायची, जसं पूर्वी बाळंतिणींची सांगायची.

श्रावणात मी तिकडं गेले होते. सकाळी आम्ही तिघी चहा पीत होतो, तेवढ्यात शेजारच्या रानाचा मालक सायकलवरून आला आणि दारातूनच ओरडला, "आक्का, डुकरं शिरलीत की वो तुमच्या रानात! सगळं उकरून टाकलंय."

आक्का कप ठेवून उठली आणि तशीच चालायला लागली. मी तिच्या मागं. थोडं पुढं गेल्यावर मला मागून पावलांचा आवाज आला. बघते तर आई. पदर खोचलेला, हातात कोयता, आणि पायांत चपला नाहीत.

रानात पोचलो. वरचे दोन वाफे नांगरल्यासारखे उलथले होते. जांभळी रोपं मुळासकट बाहेर पडलेली. एका आळ्याचे काटे बाजूला सारून आतले कंद खाल्लेले. अर्धे चावलेले पांढरे तुकडे चिखलात पडले होते. आक्का मटकन बांधावर बसली. उभ्या आयुष्यात मी तिला रडताना फार कमी बघितलंय. ती त्या दिवशीही रडली नाही. नुसती बसून राहिली, आणि ते बघवत नव्हतं.

आणि तेवढ्यात आईचा आवाज आला. जंगलाच्या दिशेला तोंड करून, कोयता उगारून ती डुकरांना शिव्या घालत होती. त्या शिव्या मी इथं लिहू शकत नाही. रानातली राखण आईला नवी नव्हती. किती तरी सुगीत तिनं दुसऱ्यांच्या भाताची, रताळ्यांची राखण केली होती, डबे बडवले होते, हाकारे घातले होते. पण तेव्हा ती असं ओरडायची नाही. तेव्हा ते काम होतं.

"आमच्या रानात शिरतायसा? व्हय रं? आमच्या रानात?"

आक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. 'आमच्या' हा शब्द आम्ही दोघींनीही ऐकला होता.

मग आई वळली. "बसलीस काय?" ती आक्काला म्हणाली. "ऊठ. ह्यातलं जितं कुठलं, मेलेलं कुठलं, ते सांग मला. मला काय कळतंय ह्यातलं?"

त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून ते वाफे परत बांधले. आक्का कंद हातात घेऊन बघायची. ज्याला कोंब फुटायचा डोळा शिल्लक आहे तो आईच्या ओंजळीत द्यायची, आणि आई तो मातीत ठेवून वरून पाला दाबायची. पाऊस चालूच होता. मी चर मोकळे करत होते. मध्येच आई म्हणाली, "ह्येला चिखल करायचा न्हाय व्हय?"

"न्हाय. मोकळी माती पाहिजे. ओली, पण मोकळी."

"भाताचं उलटंच की गं."

"व्हय, उलटं."

आईनं ओंजळीतली माती बोटांनी मोकळी केली. मग म्हणाली, "शिकायला पाहिजे."

दुपारी ती घरी जाऊन आपली पत्र्याची ट्रंक उघडून बसली. तिच्या जुन्या लुगड्यांचा आणि साड्यांचा ढीग होता त्यात. कामावर नेसून विटलेल्या, चिखलाचे डाग न गेलेल्या, तरी तिनं टाकून न दिलेल्या. त्यातली एकेक तिनं बाहेर काढली. हिरवी, कोकंबी, जांभळी, लाल काठाची. माणसाच्या वासाच्या आणि वाऱ्यावर हलणाऱ्या कापडाच्या धाकानं डुकरं बिचकतात, म्हणून लोक रानाभोवती जुन्या साड्या बांधतात. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या साड्या खांबाखांबांना बांधून रानाभोवती कुंपण उभं राहिलं. मला त्या साड्या ओळखू येत होत्या. ही नेसून ती उचगावच्या रानात जायची. ही नेसून मला शाळेत घालायला आली होती. पावसात सगळ्या पुन्हा एकदा भिजत होत्या, पण आता त्या आमच्याच रानाच्या कडेला उभ्या होत्या. मला एवढा अभिमान वाटला की छाती दुखायला लागली. अभिमानानं छाती फुगते म्हणतात. माझी दुखली, हे मी खरं सांगते.

त्यानंतर आई रोज रानात जायला लागली. आणि भाद्रपदात आमऱ्या उमलल्या.

सगळ्या एकदम नाही. खालचं फूल आधी, मग वरचं, मग त्याच्या वरचं. डुकरांनी केलेल्या नासाडीनंतरही उतारावर जागोजागी पांढरे दांडे उभे होते, वाफ्यांवर जांभळ्यांचे तुरे, आणि भोवतीनं ओल्या साड्या. गौरी जवळ आल्या होत्या. वाटेनं जाणाऱ्या एका मोठ्या घरच्या सुनेनं गाडी थांबवली आणि कुंपणापाशी येऊन आईला विचारलं, "मावशी, गौरीला दोन-चार दांडे द्याल का?"

मागणाऱ्याच्या जागी आईला मी आयुष्यभर बघितलं होतं. कुणी तिच्याकडं मागितलेलं बघितलं नव्हतं.

"तोडायची न्हाईत ती," आई म्हणाली. आवाज मऊ, पण पक्का. "बघायला या. आत या की, चपला काढायला नको. चरातनं जपून पाय टाका तेवढं."

आणि ती सून खरंच आत आली. आईनं तिला सगळं रान फिरवून दाखवलं.

त्याच आठवड्यात आईनं आक्काला एक टेम्पो सांगायला लावला. बेळगुंदीला निरोप गेला. तिच्या रोपलावणीच्या टोळीतल्या बायका, ज्या अजून हिंडत्या-फिरत्या होत्या त्या सगळ्या आल्या. यल्लाक्का, गंगूमावशी आणि इतर. ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून. टेम्पोतून उतरल्या आणि बांधावर घोटाळल्या. आत कसं जायचं कळेना. यल्लाक्का आईला म्हणाली, "शांते, काम काय हाय ते तरी सांग आधी."

"काम न्हाय."

"मग कशाला बोलावलंस?"

"बघायला."

"नुसतं बघायला?"

"नुसतं बघायला."

त्या हसायला लागल्या. इतकी वर्षं शेतात आल्या त्या वाकायलाच. काही न करता उभं राहायचं म्हणजे हातांचं काय करायचं, हे त्यांना सुचेना. एकीनं तर गवत उपटायला सुरुवातही केली. आईनं तिचा हात धरून तिला उभं केलं. मग हळूहळू त्या पसरल्या. कुणी फुलाच्या शेपटीला बोट लावलं, कुणी नाक जवळ नेलं. आक्कानं चहा केला, कांदाभजी तळली. ऊन कलायला लागलं तसा वास सुटला आणि बोलणं थांबलं. झऱ्याचं पाणी तेवढं चरांतून वाहत होतं.

निघताना गंगूमावशीनं विचारलं, "ही इकून काय मिळतंय गं शांते?"

"काय मिळत न्हाय. इकायची न्हाईत म्हणून तर लावलीत," आई म्हणाली आणि आक्काकडं बघून हसली. त्या हसण्यात आक्काला जे मिळालं ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती ताठ चालते, हे मी बघितलंय.

पुढच्या वर्षी आक्कानं आपण होऊन बांधाकडची अरुंद पट्टी आईला भातासाठी मोकळी करून दिली. तिथं आमऱ्या नव्हत्या. आईनं वासाचं भात लावलं, स्वतः कापलं आणि सुगीत आम्हा सगळ्यांना शिजवून घातलं. मी विचारलं, "कसा हाय भात?" घास चावत ती म्हणाली, "बरा हाय," आणि लगेच आक्काकडं वळून, "व्हय गं, त्या खालच्या वाफ्यातली जांभळी आता इरळ करायला पाहिजेत, दाटी झालीया." आक्का आणि मी एकमेकींकडं बघत राहिलो.

आता पांढऱ्या आमऱ्यांच्या शेंगा पिकून फुटल्या की दोघी मिळून ती धूळ जुन्या रोपांभोवती उधळतात. गेल्या वर्षी एका आळ्यात, जिथं कुणी कंद लावला नव्हता तिथं, बारीक पान दिसलं. आक्कानं मला फोनवर सांगताना आवाज इतका खाली आणला होता, जणू मोठ्यानं बोललं तर ते परत आत जाईल.

यंदा मी गेले तेव्हा आई म्हणाली, आधी बेळगुंदीला जाऊ. बायका टेम्पोनं आल्या होत्या त्या दिवशी निघताना आईनं गंगूमावशीला जांभळ्या आमरीची कंदासकट एक फूट पदरात बांधून दिली होती. गंगूमावशीच्या घरामागं न्हाणीचं पाणी जातं तिथं हातभर ओली जागा आहे. तिच्याकडं तेवढीच मोकळी माती. तिथं तिनं ती लावली होती. आम्ही गेलो तर भोवती विटांचं गोल कुंपण, त्याला चुना लावलेला, आणि मधोमध जांभळ्या फुलांचे तुरे. गंगूमावशी बाजूला कमरेवर हात ठेवून उभी.

आई खाली बसली. माती चिमटीत घेऊन बघितली. "पाणी जास्त होतंय गं गंगू. मुळं कुजतील. हितनं एक चर काढ."

"तू गप बस," गंगूमावशी म्हणाली. "माझ्या फुलाला काय पाहिजे ते मला कळतंय."

आई उठली. चहा प्याली, पण फार बोलली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. पिरनवाडी मागं पडेपर्यंत आम्हाला वाटलं, तिला लागलं. आक्का तिची समजूत काढायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई खुदकन हसली. मग हसतच सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ऐकलंसा न्हवं, कशी बोलली मला?" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "जल्मात पयल्यांदा ताठली गं आमची गंगू."